चार सुवर्णपदके आणि हवानातला घोडा

१९३६ च्या ऑगस्ट महिन्यात बर्लिनच्या ऑलिम्पिक मैदानावर चार सुवर्णपदके जिंकणारा जेसी ओवेन्स त्याच वर्षी नाताळच्या दुसऱ्या दिवशी, २६ डिसेंबरला, क्युबाची राजधानी हवाना येथे एका घोड्याशी शर्यत धावला. घोड्याचे नाव होते ज्युलिओ मॅकॉ. फुटबॉल सामन्याच्या मध्यंतरात करमणूक म्हणून ही शर्यत ठेवलेली होती. अंतर शंभर यार्ड आणि ओवेन्सला चाळीस यार्डांची सवलत. ओवेन्स जिंकला आणि त्याला दोन हजार डॉलर मिळाले. जगातल्या सर्वांत वेगवान माणसाची बर्लिननंतरची पहिली मोठी कमाई ज्या मार्गांनी झाली, त्यांपैकी हा एक.

आपल्याकडे जेसी ओवेन्सची गोष्ट बहुतेकांना ठाऊक असते ती शालेय वयातल्या प्रेरणादायी पुस्तकांतून. दरिद्री घरातला कृष्णवर्णीय मुलगा, आजारपणावर मात, हिटलरच्या डोळ्यांदेखत विजय, आणि जर्मन प्रतिस्पर्ध्याशी जुळलेली मैत्री. गोष्ट ९ ऑगस्ट १९३६ रोजी संपते. त्या दिवशी ओवेन्स २२ वर्षांचा होता. पुढे तो आणखी ४३ वर्षे जगला आणि त्या ४३ वर्षांत त्याने काय केले, याची वास्तपुस्त ही पुस्तके सहसा करीत नाहीत. वास्तविक ओवेन्सचे आयुष्य समजून घ्यायचे तर हीच वर्षे अधिक महत्त्वाची आहेत. कारण कष्ट करणाऱ्याला अमेरिका काही कमी पडू देत नाही, या समजुतीचा जिवंत पुरावा म्हणून जगाला जो माणूस दाखवला गेला, त्याच माणसाला त्या समजुतीने सर्वाधिक चकवले. आणि तरीही अखेरपर्यंत व्यासपीठावरून तिचा पुरस्कार करीत राहिला तोही तोच.

ओवेन्सचा जन्म १२ सप्टेंबर १९१३ रोजी अलाबामा राज्यातील ओकव्हिल या खेड्यात झाला. मूळ नाव जेम्स क्लीव्हलँड. आजोबा गुलामगिरीत जन्मलेले, वडील हेन्री हे दुसऱ्याची जमीन वाट्याने कसणारे. गुलामगिरी कायद्याने संपली होती, पण बियाणे, अवजारे, किराणा सगळे जमीनमालकाकडून उधारीवर घ्यायचे आणि कापूस निघाला की हिशेब करायचा, या व्यवहारात कुळाच्या पदरी वर्षाअखेर कर्जाखेरीज काही उरत नसे. हिशेबाची वही मालकाच्या हाती आणि कुळाला बहुधा अक्षरओळख नाही, असा तो मामला. आपल्याकडच्या सावकारी पाशाची ज्यांना माहिती आहे त्यांना याहून अधिक सांगायला नको. दहा भावंडांत धाकटा असलेला हा मुलगा प्रत्येक हिवाळ्यात छातीच्या विकाराने अंथरूण धरीत असे. छातीवर आलेली गाठ आईने घरच्याच सुरीने कापून काढली, डॉक्टरला द्यायला पैसे नव्हते, ही आठवण तो पुढे आयुष्यभर सांगत असे.

१९२०च्या दशकाच्या प्रारंभी हे कुटुंब उत्तरेकडे, ओहायो राज्यातील क्लीव्हलँड शहरात आले. दक्षिणेतील लक्षावधी कृष्णवर्णीय त्या काळात असेच गाठोडी बांधून उत्तरेच्या कारखानी शहरांकडे निघाले होते. तिथे पोलादाच्या गिरण्यांत काम मिळे, आणि निदान उघड्यावर झाडाला टांगले जाण्याची भीती नसे. ओवेन्सच्या स्वप्नाची सुरुवात झाली ती इथे, आणि ती खोटी नव्हती. नव्या शाळेत बाईंनी नाव विचारले तेव्हा त्याने घरातले नाव, म्हणजे जे. सी., असे दोन अक्षरांत सांगितले. दाक्षिणात्य उच्चारामुळे बाईंना ते जेसी असे ऐकू आले आणि तेच हजेरीत लागले. मुलाने ते दुरुस्त करण्याचे धाडस केले नाही. पुढे साऱ्या जगाने त्याला ओळखले ते या ऐकण्यातल्या चुकीमुळे मिळालेल्या नावानेच.

फेअरमाउंट शाळेतील क्रीडाशिक्षक चार्ल्स रायली या गोऱ्या गृहस्थाने त्याच्यातला धावपटू हेरला. शाळा सुटल्यावर सराव होत असे, पण त्या वेळी ओवेन्सला चपला-बूट दुरुस्तीच्या दुकानात आणि किराणा पोहोचवण्याच्या कामावर जावे लागे. तेव्हा रायली यांनी त्याच्यासाठी पहाटे, शाळा भरण्यापूर्वी, वेगळा सराव सुरू केला. जमीन तापलेली आहे असे समजून पाऊल टेकवावे, म्हणजे ते क्षणभरही खाली रेंगाळत नाही, ही त्यांची शिकवण. ओवेन्सच्या धावण्यात पुढे जी सहजता दिसली, जिच्यात कुठेही झटापट नाही, ती या पहाटेच्या सरावातून आलेली होती. १९३३ मध्ये शिकागोच्या राष्ट्रीय शालेय स्पर्धेत त्याने १०० यार्ड अंतर ९.४ सेकंदांत कापले. त्या वेळच्या जागतिक विक्रमाशी ही बरोबरी होती, आणि धावणारा मुलगा अद्याप शाळेत होता.

त्याच वर्षी तो ओहायो स्टेट विद्यापीठात दाखल झाला. शिष्यवृत्ती मिळाली नाही. त्याऐवजी राज्याच्या विधिमंडळाच्या इमारतीत लिफ्टवर काम मिळाले, तेही मागच्या बाजूच्या मालाच्या लिफ्टवर. विद्यापीठाच्या वसतिगृहात कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना प्रवेश नव्हता, त्यामुळे तो बाहेर भाड्याच्या खोलीत अन्य कृष्णवर्णीय खेळाडूंसमवेत राही. संघ परगावी निघाला की गोरे खेळाडू उपाहारगृहात जेवत आणि ओवेन्ससारख्यांनी गाडीत बसून पुड्यातले खावे किंवा कृष्णवर्णीयांसाठीचे वेगळे हॉटेल शोधावे. याच संघाचा तो पुढे कर्णधार झाला. कर्णधार आपल्या संघाबरोबर एका टेबलावर बसू शकत नाही, यात त्या काळी कोणालाही विसंगती वाटत नव्हती, हे विशेष.

२५ मे १९३५ हा दिवस अॅथलेटिक्सच्या इतिहासात कदाचित बर्लिनपेक्षाही मोठा मानावा लागेल. मिशिगनमधील अॅन आर्बर येथे विद्यापीठांची स्पर्धा होती. काही दिवसांपूर्वी जिन्यावरून पडल्याने ओवेन्सची पाठ इतकी दुखत होती, की त्याला उतरवावे की नाही अशी प्रशिक्षक लॅरी स्नायडर यांना शंका होती. प्रत्यक्षात पाऊण तासात त्याने १०० यार्डांच्या जागतिक विक्रमाशी बरोबरी केली आणि लांब उडी, २२० यार्ड धावणे व २२० यार्ड अडथळ्यांची शर्यत या तिन्हींत नवे विक्रम केले. लांब उडी त्याने एकदाच मारली. ८.१३ मीटरची ती उडी २५ वर्षे विक्रमाच्या यादीत अढळ राहिली. आज कृत्रिम पृष्ठभागाच्या धावमार्गावर आणि सुरुवातीच्या ठोकळ्यांवरून धावणाऱ्या पिढीने हेही लक्षात घ्यावे, की ओवेन्सच्या काळात धावमार्ग कोळशाच्या राखेचा असे आणि पाय रोवण्यासाठीचे खड्डे धावपटू स्वतः खुरप्याने खणत. त्याच वर्षी जुलैत त्याचे रूथ सॉलोमन हिच्याशी लग्न झाले. शाळेपासूनची ही मैत्रीण त्याला शेवटपर्यंत साथ देत आली.

बर्लिनला जावे की न जावे, हा प्रश्न त्या वेळी अमेरिकेत पेटलेला होता. नाझी जर्मनीत ज्यूंवर जे अत्याचार चालले होते, त्यांच्या निषेधार्थ बहिष्कार टाकावा असा एक मोठा मतप्रवाह होता. बहिष्काराला कडाडून विरोध करणारे होते अॅव्हरी ब्रंडेज, अमेरिकी ऑलिम्पिक समितीचे अध्यक्ष. राजकारण आणि खेळ वेगळे ठेवावेत हे त्यांचे म्हणणे. कृष्णवर्णीयांच्या वृत्तपत्रांनी मात्र एक वेगळाच मुद्दा काढला. जर्मनीतल्या वंशद्वेषावर इतके रडणारे लोक अलाबामातल्या वंशद्वेषाविषयी गप्प का, असा त्यांचा सवाल होता. अखेर संघ गेला. त्यात १८ कृष्णवर्णीय खेळाडू होते.

बर्लिनमधला पराक्रम सर्वश्रुत आहे. ३ ऑगस्टला १०० मीटर १०.३ सेकंदांत, ४ ऑगस्टला लांब उडी ८.०६ मीटर, ५ ऑगस्टला २०० मीटर २०.७ सेकंदांत, आणि ९ ऑगस्टला चार गुणिले शंभर मीटर रिलेत ३९.८ सेकंदांचा विश्वविक्रम. रिलेच्या या चौथ्या पदकाची कथा जरा अवघड आहे. मूळ संघातील मार्टी ग्लिकमन आणि सॅम स्टोलर हे दोघे ज्यू धावपटू ऐनवेळी वगळले गेले आणि ओवेन्स व राल्फ मेटकाफ यांना घेण्यात आले. आपल्याला पुरेशी पदके मिळाली आहेत, त्या दोघांना धावू द्या, असे ओवेन्सने म्हणून पाहिले. त्याला सांगितले ते कर असे उत्तर मिळाले. यजमानांना आणखी खिजवू नये म्हणून हा बदल झाला, असा ग्लिकमन यांचा संशय आयुष्यभर कायम राहिला.

हिटलरने ओवेन्सशी हस्तांदोलन करण्याचे नाकारले, ही या गोष्टीतली सर्वांत लोकप्रिय बाब. ती जशी सांगितली जाते तशी घडलेली नाही. पहिल्या दिवशी, २ ऑगस्टला, हिटलरने जर्मन आणि फिनिश विजेत्यांचे जातीने अभिनंदन केले आणि उंच उडीत कृष्णवर्णीय अमेरिकी कॉर्नेलियस जॉन्सन जिंकला त्याच्या पदकवितरणापूर्वी तो निघून गेला. आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने त्याला समज दिली, की अभिनंदन करायचे तर सर्वांचे, अन्यथा कोणाचेच नाही. त्याने दुसरा पर्याय स्वीकारला. म्हणजे ओवेन्स जिंकू लागला तेव्हा हिटलर जाहीरपणे कोणाशीच हस्तांदोलन करीत नव्हता. ओवेन्स स्वतः प्रथम हेच सांगत असे. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात एका सभेत तर त्याने स्पष्ट म्हटले, की अपमान हिटलरने केला नाही, तो केला आपल्याच राष्ट्राध्यक्षांनी. चार सुवर्णपदकांनंतर फ्रँकलिन रूझवेल्ट यांच्याकडून साधी अभिनंदनाची तारही आली नव्हती. व्हाइट हाउसचे निमंत्रण तर दूरच. ते निवडणुकीचे वर्ष होते आणि दक्षिणेतल्या गोऱ्या मतदारांना दुखवणे रूझवेल्ट यांना परवडणारे नव्हते, हे त्याचे उघड कारण मानले जाते.

मात्र श्रोत्यांना हवी होती ती हिटलरची गोष्ट. अपमान करणारा बर्लिनमध्ये असावा, वॉशिंग्टनमध्ये नसावा, हे अमेरिकी श्रोत्यांच्या दृष्टीने सोयीचे होते. वर्षांमागून वर्षे गेली तशी ओवेन्सनेही व्याख्यानांतून तीच गोष्ट सांगायला सुरुवात केली. लांब उडीच्या पात्रता फेरीत दोन उड्या बाद झाल्यावर लुट्झ लाँग या जर्मन खेळाडूने त्याला जवळ येऊन सल्ला दिला, ही कथाही अशीच. दोघांची मैत्री खरी होती, स्पर्धा संपल्यावर लाँगने सर्वांसमक्ष त्याला जवळ घेतले हेही खरे. हाच लाँग पुढे १९४३ मध्ये सिसिलीच्या लढाईत मारला गेला. पण सल्ल्याचा तो प्रसंग घडला नसावा, असे अभ्यासकांचे मत आहे. पात्रता फेरीवर दुर्बीण लावून बसलेल्या पत्रकारालाही तो दिसला नव्हता. कित्येक वर्षांनी एका ऑलिम्पिक अभ्यासकाने छेडले तेव्हा, लोकांना अशा गोष्टी आवडतात, या अर्थाचे उत्तर ओवेन्सने दिले. या उत्तरात लबाडी पाहावी की थकवा, हे ज्याचे त्याने ठरवावे. प्रस्तुत लेखकाला त्यात थकवा अधिक दिसतो.

परतीची कथा याहून बोलकी आहे. ऑलिम्पिक संपले त्या क्षणापासून अमेरिकी हौशी अॅथलेटिक संघटनेने ओवेन्सला युरोपभर प्रदर्शनीय शर्यतींसाठी फिरवले. कलोन, प्राग, लंडन. प्रेक्षकांच्या तिकिटांचा पैसा संघटनेकडे जाई आणि हौशी खेळाडूने पैसा घेणे निषिद्ध म्हणून ओवेन्सच्या खिशात काहीही नसे. वजन घटले, झोप नाही, आणि घरून तारा येत होत्या की अमुक इतक्या हजारांचे प्रस्ताव वाट पाहत आहेत. एडी कँटर या लोकप्रिय विनोदी कलावंताने दहा आठवड्यांच्या कार्यक्रमासाठी ४० हजार डॉलर देऊ केल्याची बातमी होती. स्वीडनच्या दौऱ्याला नकार देऊन ओवेन्स घरी निघाला, आणि संघटनेने त्याला तत्काळ निलंबित केले. अॅव्हरी ब्रंडेज यांनी या शिक्षेची पाठराखण केली. खेळात राजकारण नको म्हणणाऱ्यांना खेळात खेळाडूचा संसारही नको होता. ओवेन्स पुन्हा कधीही अधिकृत स्पर्धेत धावला नाही. त्याच्या कारकिर्दीचा उत्कर्ष आणि शेवट या दोहोंत काही आठवड्यांचेच अंतर पडले.

न्यूयॉर्कमध्ये मिरवणूक निघाली, उंच इमारतींवरून कागदी फितींचा वर्षाव झाला. त्यानंतर वॉल्डॉर्फ अॅस्टोरिया हॉटेलात त्याच्याच सन्मानार्थ समारंभ होता. तिथे जाण्यासाठी सत्कारमूर्तीला मालाच्या लिफ्टने वर जावे लागले. कोलंबसला विद्यार्थी असताना ज्या प्रकारची लिफ्ट तो चालवीत असे, त्याच प्रकारच्या लिफ्टने. मोठाल्या प्रस्तावांचे म्हणाल, तर ते एकेक करून विरून गेले. कँटरचे ४० हजारही त्यातलेच. वृत्तपत्रांत आकडे छापून आले, करारावर सह्या झाल्या नाहीत. राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत रिपब्लिकन उमेदवार आल्फ लँडन यांच्या प्रचारासाठी त्याला चांगला मोबदला मिळाला. लँडन यांना ४८ पैकी अवघी दोन राज्ये मिळाली. ओवेन्स गमतीने म्हणत असे, की मी लढवलेली ही सर्वांत वाईट शर्यत.

मग आला हवानाचा घोडा. त्यानंतर दुसरे घोडे, कुत्रे, मोटारसायकली, बेसबॉलपटू. गावोगावच्या जत्रांत आणि बेसबॉल सामन्यांपूर्वी ओवेन्स येई, स्थानिक धावपटूंना दहा-वीस यार्डांची सवलत देऊन हरवी, आणि शेवटी घोडा आणला जाई. घोड्यावर मात करण्याची युक्ती त्यानेच नंतर सांगून टाकली. उमद्या, बुजऱ्या जातीचा घोडा निवडायचा आणि इशाऱ्याचे पिस्तूल त्याच्या कानाजवळ झाडायचे. घोडा बिथरून सावरेपर्यंत माणूस निम्मे अंतर तोडतो. लोक हळहळत, की ऑलिम्पिकवीराने हे असे करावे. त्याचे म्हणणे एवढेच, की चार सुवर्णपदके खाता येत नाहीत.

मधल्या काळात त्याने काय काय केले याची यादी केली तर ती अनेक माणसांची वाटेल. नाचगाण्याच्या वाद्यवृंदाचा नायक, क्लीव्हलँडच्या सार्वजनिक क्रीडांगणावर नोकर, कृष्णवर्णीयांच्या बेसबॉल लीगचा भागीदार. १९३८ मध्ये भागीदारीत कपडे ड्रायक्लीन करण्याचे दुकान काढले, त्याच्या दारावर अर्थातच त्याचे नाव झळकत होते. पुढच्याच वर्षी दिवाळे निघाले. पत्नी आणि तीन मुलींची जबाबदारी अंगावर असताना, अपुरे राहिलेले पदवीचे शिक्षण पुरे करावे म्हणून तो १९४० मध्ये विद्यापीठात परतला आणि वर्षभरातच पदवीवाचून बाहेर पडला. युद्धकाळात डेट्रॉइटला फोर्डच्या कारखान्यात कृष्णवर्णीय कामगारांच्या कर्मचारी विभागात त्याला बरी नोकरी मिळाली. युद्ध संपताच तीही गेली.

हे केवळ ओवेन्सचे दुर्दैव होते असे मानायचे कारण नाही. २०० मीटरमध्ये त्याच्यामागोमाग रौप्यपदक मिळवणारा मॅक रॉबिन्सन कॅलिफोर्नियात पॅसाडिना येथे परतला, तेव्हा त्याला नगरपालिकेत रस्ते झाडण्याचे काम मिळाले. ऑलिम्पिकचे जाकीट अंगात घालून तो रस्ते झाडत असे. १९४७ मध्ये बेसबॉलच्या मुख्य लीगमधील वर्णभेदाची भिंत पाडणारा जॅकी रॉबिन्सन हा त्याचाच धाकटा भाऊ.

ओवेन्सचे दिवस पालटले ते १९५० च्या सुमारास, आणि ज्या कारणाने पालटले ते ध्यानात घेण्याजोगे आहे. १९५० मध्ये असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेने त्याला अर्धशतकातील सर्वश्रेष्ठ अॅथलीट म्हणून निवडले. पण त्याहून महत्त्वाचे म्हणजे शीतयुद्ध सुरू झाले होते. अमेरिकेत कृष्णवर्णीयांना कसे वागवले जाते यावर सोव्हिएत प्रचारयंत्रणा बोट ठेवत होती आणि आशिया-आफ्रिकेतील नवस्वतंत्र देश ते ऐकत होते. त्याला उत्तर म्हणून एक हसतमुख, यशस्वी कृष्णवर्णीय चेहरा अमेरिकेला हवा होता. १९५१ मध्ये ओवेन्स हार्लेम ग्लोबट्रॉटर्स या बास्केटबॉल संघासोबत बर्लिनच्या त्याच मैदानावर हेलिकॉप्टरमधून उतरला आणि शहराच्या महापौरांनी, हिटलरने न दिलेला हात आपण देतो, असे म्हणत त्याचे स्वागत केले. कथेचे एक वर्तुळ अशा रीतीने सर्वांच्या समाधानासाठी पुरे झाले.

१९५५ मध्ये अमेरिकी परराष्ट्र खात्याने त्याला सदिच्छादूत म्हणून भारत, मलाया आणि फिलिपाइन्सच्या दौऱ्यावर पाठवले. आपल्याकडच्या तरुण धावपटूंना त्याने धडे दिले, विद्यार्थ्यांपुढे भाषणे केली. कष्ट, शिस्त आणि लोकशाही असली की कोणीही कोठेही पोहोचू शकतो, हा त्याच्या बोलण्याचा आशय. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये मिसिसिपी राज्यात एमेट टिल या चौदा वर्षांच्या कृष्णवर्णीय मुलाची गोऱ्यांनी निर्घृण हत्या केली आणि खटल्यात आरोपी निर्दोष सुटले. त्याच वर्षाच्या १ डिसेंबरला, ओवेन्सच्या जन्मराज्यातल्या माँटगोमेरी शहरात रोझा पार्क्स यांनी बसमधली जागा गोऱ्या प्रवाशाला देण्यास नकार दिला. सदिच्छादूताच्या भाषणात या गोष्टींना जागा असणे शक्य नव्हते. १९५६ मध्ये अध्यक्ष आयसेनहॉवर यांचा वैयक्तिक प्रतिनिधी म्हणून तो मेलबर्न ऑलिम्पिकला गेला. वीस वर्षांपूर्वी ज्याला एक तार मिळाली नव्हती, तो आता अध्यक्षांचा प्रतिनिधी होता. हा बदल खरा होता, आणि त्याने तो मनापासून मिरवला, यात नवल नाही.

आता व्याख्याने हाच त्याचा व्यवसाय झाला. शिकागोत स्वतःची जनसंपर्क कंपनी, मोठमोठ्या उद्योगांची कंत्राटे, विक्रेत्यांची संमेलने, शाळा, चर्चची मेजवानी. वर्षातले बहुतेक दिवस प्रवास. भाषणे ठरावीक होती. एक प्रेरणेचे, एक देशभक्तीचे, एक खेळाचे. त्यातल्या मुलाची छाती दुखत असे, आई सुरी तापवीत असे, हिटलर पाठ फिरवीत असे आणि लुट्झ लाँग जवळ येऊन सल्ला देत असे. अखेरीस अमेरिका त्या मुलाला सर्व काही देत असे. घोडा, दिवाळे आणि मालाची लिफ्ट त्या भाषणात विनोदापुरती येत किंवा येतच नसत. स्वप्नाने ज्याला पोटाला दिले नाही, त्याला अखेर स्वप्नाच्या जाहिरातीने दिले. यासाठी त्याला ढोंगी म्हणावेसे वाटत नाही. दहा वर्षे दारोदार फिरून लोकांना आपल्याकडून नेमके काय विकत हवे आहे ते त्याला कळले होते. पैशाचा हिशेब ठेवणे मात्र त्याला कधीच जमले नाही. चार वर्षांची प्राप्तिकर विवरणपत्रे न भरल्याबद्दल त्याच्यावर खटला झाला, आणि १९६६ मध्ये न्यायाधीशांनी तुरुंगवासाऐवजी तीन हजार डॉलर दंडावर त्याला सोडले.

खरी कसोटी १९६८ मध्ये मेक्सिको सिटी येथे लागली. २०० मीटरच्या पदकवितरणात टॉमी स्मिथ आणि जॉन कार्लोस या दोघा कृष्णवर्णीय अमेरिकी धावपटूंनी राष्ट्रगीत चालू असताना मान खाली घालून काळ्या हातमोज्याची मूठ उंचावली. आंतरराष्ट्रीय समितीचे अध्यक्ष आता अॅव्हरी ब्रंडेज होते. दोघांना स्पर्धेतून घालवण्यात आले. बाकीच्या कृष्णवर्णीय खेळाडूंची समजूत काढण्यासाठी अमेरिकी समितीने पाठवले ते जेसी ओवेन्सला. लहानपणी ज्याची छायाचित्रे जपली तो माणूस समोर उभा राहून व्यवस्थेची बाजू मांडतो आहे, हे त्या तरुणांना पचणे कठीण होते. बैठक बिनसली. गोऱ्यांचा हस्तक अशा अर्थाचे शब्द त्याला तोंडावर ऐकावे लागले. ज्या ब्रंडेज यांनी १९३६ मध्ये त्याच्या शिक्षेची पाठराखण केली, त्यांच्याच वतीने आज आपण बोलत आहोत, हे ओवेन्सच्या मनात आले असेल काय? त्याच्या लेखनात याचे उत्तर सापडत नाही.

दोन वर्षांनी एका लेखनिक सहकाऱ्याच्या मदतीने त्याने पुस्तक लिहिले. उगारलेली मूठ उघडून पाहिली तर आत फक्त बोटे असतात, तिच्यात पैसा असेल तरच तिला अर्थ, असे त्याचे प्रतिपादन. आजच्या अमेरिकेत जो कृष्णवर्णीय अयशस्वी ठरतो तो स्वतःच्या निवडीने, इथपर्यंत त्याची मजल गेली. वाचकांची, विशेषतः कृष्णवर्णीय वाचकांची, संतप्त पत्रे आली. ओवेन्सने ती वाचली, हे त्याचे मोठेपण. १९७२ मध्ये दुसरे पुस्तक आले आणि त्याच्या शीर्षकातच आपण बदललो असल्याची कबुली होती. आपल्या काळात लढाऊपणा हाच मार्ग होता आणि तो आपण ओळखला नाही, असे या पुस्तकात त्याने बऱ्याच अंशी मान्य केले. तेव्हा तो ५८ वर्षांचा होता. त्या वयात, ज्या भूमिकेवर आपला चरितार्थ चालतो तीच तपासून पाहणारी माणसे थोडी. व्याख्याने अर्थात पूर्वीसारखीच चालू राहिली. श्रोत्यांनी दुसरे पुस्तक वाचलेले नव्हते.

मानसन्मान आता उशिरा पण भरभरून आले. ज्या विद्यापीठाच्या वसतिगृहात त्याला जागा नव्हती त्या ओहायो स्टेटने १९७२ मध्ये त्याला सन्माननीय डॉक्टरेट दिली. १९७६ मध्ये अध्यक्ष फोर्ड यांनी राष्ट्राध्यक्षांचे स्वातंत्र्यपदक देऊन व्हाइट हाउसमध्ये त्याचा गौरव केला. बर्लिनला तोवर चाळीस वर्षे झाली होती. ३५ वर्षे रोज एक पाकीट सिगारेट ओढणाऱ्या या धावपटूला फुप्फुसाचा कर्करोग झाला. आजारी असतानाही, अफगाणिस्तानातील सोव्हिएत फौजांच्या निषेधार्थ मॉस्को ऑलिम्पिकवर बहिष्कार घालू नये, म्हणून अध्यक्ष कार्टर यांचे मन वळवण्याचा त्याने प्रयत्न केला. ३१ मार्च १९८० रोजी अॅरिझोना राज्यातील टुसॉन येथे त्याचे निधन झाले. शिकागोच्या ओक वुड्स दफनभूमीत त्याला चिरविश्रांती देण्यात आली. बर्लिनमधील मैदानाजवळच्या एका रस्त्याला १९८४ मध्ये त्याचे नाव मिळाले. अमेरिकी काँग्रेसचे सुवर्णपदक त्याला मरणोत्तर, १९९० मध्ये, देण्यात आले.

बर्लिनच्या चार पदकांपैकी एक पदक ओवेन्सने त्या काळातला विख्यात कृष्णवर्णीय नर्तक बिल रॉबिन्सन याला दिले होते. हलाखीच्या दिवसांत या मित्राने त्याला मदतीचा हात दिला होता. डिसेंबर २०१३ मध्ये त्या पदकाचा लिलाव झाला. किंमत आली १४ लाख ६६ हजार डॉलर. सप्टेंबर २०१६ मध्ये अध्यक्ष बराक ओबामा यांनी बर्लिनला गेलेल्या १८ कृष्णवर्णीय खेळाडूंच्या कुटुंबीयांना व्हाइट हाउसमध्ये बोलावले. १९३६ मध्ये रूझवेल्ट यांनी त्या संघातील गोऱ्या खेळाडूंना बोलावले होते. या अठरांना तेव्हा न मिळालेले निमंत्रण असे ८० वर्षांनी त्यांच्या वारसांच्या हाती पडले.